मोडक्या पायावरची मुलाखत

मी मचाण बोलतोय. सिंदेवाहीच्या पुढं, जिथं शेत संपतं आणि जंगल सुरू होतं, तिथल्या लटारूभाऊच्या धानाच्या बांधीतलं. सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोललो तर माझ्या पायाला वाळवी लागो.

वाळवी एका पायाला तेव्हाही लागलेलीच होती, पण त्याचा माझ्या बोलण्याशी संबंध लावू नका.

माझा जन्म एका राजाच्या शिकारीसाठी झाला. सागवानाचे खांब होते, शिसवीच्या पायऱ्या होत्या... बरं, राजा नव्हता. लटारूभाऊ होता, आणि रानडुकरांनी त्याला जेरीस आणलं होतं. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाचे चार खांब, वर बांबूची ताटी, तिच्यावर तणसाचं छप्पर. झालो मी. पुढं पाय बदलले, ताटी बदलली, छप्पर तर दरसाल बदलतं. तरी मी तोच कसा, हे मला विचारू नका. नीलिमाला विचारा. तिला असले प्रश्न आवडतात.

नीलिमा ही लटारूभाऊची मुलगी. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला गणितही पाहिजे होतं आणि अर्थशास्त्रही. कॉलेजात दोघांचे तास नेमके एकाच वेळी. मग ही एक दिवस इकडं बसायची, एक दिवस तिकडं, आणि दोन्हीकडचं बुडालेलं माझ्या डोक्यावर बसून भरून काढायची. गणिताच्या सरांना वाटे पोरगी वाट चुकून आली, अर्थशास्त्राच्या मॅडमना वाटे भाव खाते.

माझ्या डोक्यावरच का? कारण गावात मोबाइलला रेंज नाही, आणि माझ्यावर टॉवरच्या तीन काड्या दिसतात. त्यामुळं सगळ्या गावाची गुपितं मला पाठ आहेत. शेजारच्या बांधीतला श्रावण तर जावयाशी असा ओरडून बोलतो, की फोन नसता तरी ते नागपुरात ऐकू गेलं असतं.

धान पिकायला लागलं की आम्हा पाच मचाणांवर पाच शेतकरी जागलीला बसतात. म्हणजे बसायला पाहिजेत. नीलिमानं हे बरोबर हेरलं होतं. एक जण जागला की डुकरं शेजारच्या बांधीत घुसतात. शेजारी जागतोय असं वाटलं, की हा पाय पसरून झोपतो. अशानं एखाद्या रात्री पाचही जण घोरतात आणि डुकरांची पंगत बसते. तिनं हे बापाला समजावून सांगितलं, तेव्हा लटारूभाऊ म्हणाला, "डुक्करं तुह्यासारखे कॉलेजात जाते का, इतका हिशोब कराले?"

ती हसली, पण सोडलं नाही. परराज्यात एक संस्था होती. तिथं गणित आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवत, राहण्या-जेवणासकट. नीलिमा तिची परीक्षा पास झाली होती. उरली होती ती फोनवर तोंड दाखवून द्यायची मुलाखत. त्यासाठी ती मूल गावी मावशीकडं जाणार होती, तिथं रेंज असते.

जायच्या आदल्या सकाळी कापणीची माणसं घोळक्यानं शेतात आली. घोळक्यानंच यावं लागे. दसऱ्यापासून नाल्याच्या बांबूत पिलांवाली वाघीण होती. पलीकडच्या गावच्या एका गुराख्याला तिनं नेलं होतं. वनरक्षक बजावून गेला होता की एकटं फिरू नका, वाकून बसू नका. नीलिमा फोन बघायला माझ्यावर चढली आणि तिथंच थिजली. नवा निरोप आला होता: मुलाखत उद्या नाही, आजच, अकरा वाजता. एसटी निघून गेलेली, पुढची दुपारी.

खाली उतरून तिनं बापाला सांगितलं. बाकीचे श्रावणच्या बांधीच्या पार त्या टोकाला कापत होते. लटारूभाऊनं माझा तो वाळवीचा पाय हलवून दाखवला. कमरेएवढ्या उंचीवर तो आतून पोकळ झाला होता. चढून फोन पाहणं वेगळं, घंटाभर बसणं वेगळं. शिवाय एकटीनं.

"बाबा, धानासाठी तुमी रातभर बसता. माह्यासाठी घंटाभर बसा ना."

"धान गेलं तं दुसऱ्या साली येते. तू येशीन का?"

तिनं ओढणी कमरेला खोचली आणि चढली. लटारूभाऊनं काठी उचलली आणि गावाकडं चालू लागला. एकदाही वळून बघितलं नाही.

फोनमध्ये तीन चेहरे आले. इंग्रजी सुरू झालं. इंग्रजी मला उत्तम येतं... येत नाही, पण बसणाऱ्याची मांडी कधी आखडते ते ताटीला कळतं. दोन्ही विषय कशाला, एकात नीट लक्ष घाल की, असं काहीसं त्यांनी विचारलं आणि हिची मांडी दगड झाली. शब्दच सापडेना. मग त्यांच्यातली एक बाई चक्क मराठीत म्हणाली, तुझ्या भाषेत सांग.

नीलिमानं डुकरांचं सांगितलं. पाच मचाणांचं, घोरण्याचं.

त्याच वेळी मोहाच्या झाडावरचं वानर खाकरलं. एकदा. मग लागोपाठ. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत दुभंगलं आणि वाघीण बाहेर आली.

नीलिमानं पाहिलं. ओरडली असती, तर श्रावणची माणसं हाकारे करत धावली असती. वाघीण गेली असती आणि मुलाखतही. ती गप्प झाली.

"आवाज तुटतोय का तुमचा?" फोनमधून विचारणा झाली.

"नाही सर. येतोय," नीलिमा म्हणाली. आवाज तसाच, सरळ. "माणूस का झोपतो, ते मला अर्थशास्त्र सांगतं. किती जण झोपले की सगळ्यांचंच धान जातं, ते गणित सांगतं. मला अर्धं नको आहे."

वाघीण पुढं आली. ती वर बघतच नव्हती. माझ्या पायाकडं बघत होती. आणि नेमका तेव्हाच पाय कर्रकन वाजला. मी म्हटलं, लेका, आज पडायचं नाही. उरलेले तीन पाय चिखलात घट्ट रोवले, मोडका आवळून धरला, श्वास कोंडला. वाघीण माझ्याकडं बघतेय, मी वाघिणीकडं. वरती पोरगी बोलतेच आहे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी वाघिणीनं मान वळवली आणि आली तशी बांबूत गेली. घाबरली असणार मला.

कापणी संपली, मळणी संपली, तेव्हा निवड झाल्याचा निरोप माझ्याच डोक्यावर आला. नीलिमानं तो खाली आईला, कमळाबाईला सांगितला. कमळाबाईनं विचारलं, "तिथी भात भेटते ना?" आणि पदर डोळ्याला लावला. आता जूनमध्ये पोरगी जाईल. मला नवा खांब मिळालाय, सरळसोट येनाचा. तुम्ही कधी इकडं आलात तर वर चढून बघा. जंगल दिसेल, फोन लागेल. उतरताना बिड्या तेवढ्या विझवत चला.

आता यातलं खोटं कुठलं, ते सांगतो. तुम्ही वाघिणीवर बोट ठेवलं असणार. वाघीण खरी होती.

खोटा मी.

लटारूभाऊ गावाकडं गेलाच नाही. नीलिमा ताटीवर बसली न बसली, तोच हा पावलं न वाजवता परत आला, काठी खाली ठेवली आणि माझ्या पोकळ पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा राहिला. वाघीण त्याच्याकडं बघत होती. काठी हातभर अंतरावर होती. हात सोडला असता तर पोरगी खाली आली असती, हाक मारली असती तर मुलाखत गेली असती. त्यानं दोन्ही केलं नाही. त्याचं काळीज माझ्या लाकडावर घणासारखं पडत होतं. मी काहीही आवळून धरलं नव्हतं. मी मोडलो होतो.

ती उतरली तेव्हा तो चार पावलं लांब, काठी टेकून उभा होता, आत्ताच आल्यासारखा.

"झालं का?"

"झालं."

वाघिणीचं नाव दोघांनीही काढलं नाही. नीलिमानं त्याच्या बंडीला चिकटलेली सालपटं हातानं झटकली आणि विळा घेऊन पुढं झाली.

पुढं श्रावणनं एकदा विचारलं, त्या मोडक्या मचाणावर पोरगी तासभर बसली तरी कशी. लटारूभाऊ म्हणाला, "येन हाय ना भाऊ, येन. मोडते कायले?"

म्हणजे ही थाप मूळची त्याची. मी नुसती पुढं चालवली.