उजेडाची बाजू भाड्याने देणे आहे

पेन्शन महिन्याच्या मध्यावरच धापा टाकू लागली, तेव्हा मुलाने फोनवर निकाल दिला. "बाबा, घर विका आणि इकडे या. तुमच्यासाठी खोली ठेवलीय."

ती खोली मी पाहिली आहे. तिच्यात इस्त्रीचं टेबल, व्यायामाची सायकल आणि सूनबाईंचं मत असे तिघे आधीच राहतात. मी म्हटलं, अर्धं घर भाड्याने देईन, पण इथून हलणार नाही. मुलगा हसला. "वर्षअखेरपर्यंत भाडेकरू आणून दाखवा. नाहीतर सामान बांधायचं."

गवंडी आला, भिंत कुठे घालायची म्हणून विचारू लागला. आमच्या घरात उत्तरं द्यायचं खातं बायकोकडे आहे.

"चांगलं ते येणाऱ्याला," ती म्हणाली. पाहुण्याला गादी आणि नवऱ्याला सतरंजी, हा तिचा आयुष्यभराचा कायदा.

"अगं, तो पाहुणा नाही, भाडेकरू आहे."

"म्हणून माणसाला अंधारात ठेवायचं?"

"आणि मला?"

"तुम्हाला काय, कुठेही घोरता!"

गवंड्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि थापी उचलली. दिवाणखाना, बाल्कनी, मोठं स्वयंपाकघर, नव्या फरशांचं न्हाणीघर, सगळं येणाऱ्याला. आम्हाला मागची अडगळीची खोली. तिला खिडकी नाही. पलंग मांडल्यावर तिथल्या जुन्या न्हाणीघराचं दार निम्मंच उघडतं, म्हणून मी आत आडवा होऊन शिरतो. शेगडी उशाशी. फोडणी पडली की आम्ही दोघं एका सुरात शिंकतो. पुढे मात्र रिकाम्या दिवाणखान्यात ऊन ऐसपैस लोळत असतं, फुकट.

माणसं पाहायला येऊ लागली. एका जोडप्याला सगळं पसंत पडलं. मग त्यांनी विचारलं, "मागे कोण राहतं?"

"आम्हीच," बायको कौतुकाने म्हणाली. "काही लागलं तर नुसती हाक मारा. नाही मारलीत तरी मी येईनच."

ते विचार करून कळवतो म्हणाले. अजून विचार करताहेत.

एक प्राध्यापक आले. भिंतीवर टकटक करून म्हणाले, "जरा ऐसपैस हवं होतं."

"होतं," मी म्हटलं. "परवापर्यंत."

वर्ष संपत आलं. मुलाचे फोन वाढले. तो आता थेट ट्रकची चौकशी करू लागला. मी रागाने भिंतीला लाथ मारली. गवंड्याचं काम चोख होतं. आठवडाभर लंगडलो.

मग एका सकाळी बस चालवणारी एक बाई आली, रात्रपाळी संपवून, गणवेशातच. बायकोने पडदे सरकवून तिला ऊन दाखवलं. बाईने डोळे मिटून घेतले.

"मावशी, मी दिवसा झोपते. अंधारी खोली नाही का एखादी?"

बायकोने नाइलाजाने मागचं दार उघडलं. बाई आत गेली, दिवा मालवला आणि आतूनच म्हणाली, "हीच घेते."

"अगं, इथे वारा नाही, उजेड नाही!"

"म्हणून तर! फक्त दुपारी आवाज नको."

बायको दुखावली. पाहुणीला अडगळीत ठेवायचं! "पोरी, पुढे राहा, भाडं तेच घेऊ," इथवर तिची मजल गेली. बायकोचा हात धरून मी तिला भिंतीच्या अलीकडे आणलं. भाडं ठरवलं होतं त्याच्या निम्मंच येणार. घर लंगडत चालेल, पण चालेल.

आता आम्ही उन्हात राहतो. दुपारी रेडिओ बंद, भांडी पुसायची ती श्वास रोखून, भांडण खुणांनी. चौथ्याच दिवशी ऐन दुपारी मुलाचा फोन.

"ट्रक कधी पाठवू?"

"आम्ही येत नाही," मी कुजबुजलो.

"काय? बाबा, आवाज इतका बारीक का? बरं नाही का? मी आजच निघतो!"

बायकोने ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. मी चपला हातात घेतल्या, चवड्यांवर दार ओलांडलं, रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि भर चौकात फोनमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडलो, "येत नाही! भाडेकरू झोपलीय!"