दोन गावांचे मार्क

नवरा कॉलेजात कंत्राटावर शिकवतो. त्यापायी एकमेकांपासून तीस किलोमीटरवर असलेल्या दोन गावांत आमचं बिऱ्हाड आठ वर्षं इकडून तिकडे फिरतंय. दर उन्हाळ्यात दोन्ही गावांतल्या कॉलेजांचं बोलावणं येतं आणि हा लाल पेन घेऊन, उत्तरपत्रिका तपासाव्या तशी गावं तपासायला बसतो. पाणी, दवाखाना, ग्रंथालय, शांतता. या गावाला पाण्यात ग्रेस मार्क, त्या गावाचे धुळीपायी दोन कापले. मला आता चिकटपट्टीचा वासही नकोसा झालाय. एक खोकं तर मागच्या वेळेपासून उघडलेलंच नाही.

"दोन्हीला एकसष्ट पडले," तो म्हणाला. "आता काय करायचं?"

"अजून एक प्रश्न घाल," मी भांडी गुंडाळता गुंडाळता म्हटलं. "आपण दोघं तापाने आडवे पडलो, तर दार वाजवून चौकशी करायला कोण येईल?"

त्याने पेन कानामागे अडकवला, काढला, पुन्हा अडकवला. शेजाऱ्यांची नावं आठवत असावा. मग दोन्ही रकान्यांत शून्य लिहिलं.

"म्हणजे बरोबरीच," तो म्हणाला.

मी त्या न उघडलेल्या खोक्यावर नवी चिकटपट्टी मारली.