रिमवरचं तेल

मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो, सायकली नाही. तरी आमच्या ठकीच्या सायकलला मोटर मीच बसवली. ती सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते आणि पायडल मारून मारून तिचे गुडघे बोलायला लागले होते. मोटर झकास चालली. सायकल थांबवायची कशी, याचा विचार मात्र मी केलाच नव्हता. घरापासून चौकापर्यंत उतार आहे, मध्ये एक वळण, आणि चौकात ट्रक कुणासाठी थांबत नाहीत.

"ब्रेक लागतो ना गं?" मी रोज विचारायचो.

"लागतो हो बाबा," ती म्हणायची, आणि बायको माझ्याकडे नुसती बघायची. त्या बघण्याने माझा जीव टांगणीला लागायचा.

सायकलवाल्याने डिस्क ब्रेकचा भाव सांगितला. मी "बघतो" म्हणालो.

"बघतो म्हणजे नको, कळलं," तो म्हणाला.

मग अंथरूण पाहून पाय पसरले. ब्रेकसाठी जाड तार घेतली. चांगली रबरं एकच जोडी घेतली आणि पुढच्या चाकाला लावली, कारण थांबवायचं काम जास्त पुढचंच चाक करतं. पुढची जुनी मागे गेली. चाकाचं डुगडुगणं काढलं, रिम बारीक पॉलिशपेपरने घासल्या. संध्याकाळी गल्लीत चालवून पाहिली, तर सायकल अशी जागच्या जागी थांबली की मीच पुढे आपटलो. कपाळाला टेंगूळ आलं, पण इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आमच्या धंद्यात मशीन हातावेगळं करायचं ते तेल देऊनच. उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पस्तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या सकाळी ठकी चहा पीत होती, तेवढ्यात मी ब्रेकच्या सांध्यांना दोन-दोन थेंब दिले आणि खांद्यावरचं फडकं दोन्ही रिमांवरून फिरवलं. चांदीसारख्या चकाकल्या. ठकीने नमुन्यांची पेटी मागे बांधली आणि निघाली.

"ते फडकं द्या इकडे, धुवायला टाकते," बायको म्हणाली. हातात घेतल्यावर तिने नाक मुरडलं. "अहो, हे तर तेलाने थबथबलंय."

माझी पाचावर धारण बसली. तेलकट रिमवर ब्रेकचं रबर नुसतं घसरतं.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. फोन पेटीत ठेवूनच सायकलवर बसायचं, ही ताकीद मीच दिलेली. मी तसाच पळत सुटलो. एक चप्पल तिसऱ्या घरासमोर राहिली. मनात काय काय येत होतं ते सांगवत नाही. खालून ट्रकचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक. मी आणखी जोरात पळालो.

वळणावर आलो तर ठकी समोर. मोटर बंद, सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालत उतरत होती.

"काय झालं बाबा? आई बरी आहे ना?"

"तू... बसली नाहीस?" मला धाप आवरेना.

ती ओशाळली. "उतारावर मी बसतच नाही. मोटर लावल्यापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मग घाईघाईने म्हणाली, "पण आता ब्रेक नवे आहेत ना. हे वळण गेलं की बसणारच होते."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या कामावर पोरीचा विश्वास नव्हता, आणि नव्हता म्हणूनच ती धडधाकट उभी होती. काहीतरी निमित्त काढून सायकल परत न्यावी आणि गुपचूप पुसून द्यावी, असं मनात आलंच. पण ती माझ्या अनवाणी पायाकडे बघत होती. मग सगळं सांगून टाकलं, तेलही आणि फडकंही.

तिने पुढच्या रिमवर बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"हे कशाने जातं?"

"स्पिरिटने. मग रबरांचा वरचा थर घासायचा. आजच्या दिवस चालतच जा."

तिने सायकल कडेला उभी केली, पेटीतून स्पिरिट आणि कापूस काढला. मी हात पुढे केला.

"तुम्ही फक्त सांगा," ती म्हणाली. "पुसते मी."