काकांचा मुक्काम

उद्या तपासणी आणि काकांचा अजून पत्ता नाही, म्हणून मोठ्या बाईंच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती.

हे काका कोण, ते आधी सांगायला हवं. काका म्हणजे माणसाचा सांगाडा. प्लॅस्टिकचा, उंचापुरा, लोखंडी दांड्याला अडकवलेला. कधीकाळी जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेला हा सांगाडा, दोन मायक्रोस्कोप आणि काचेच्या सामानाच्या पेट्या मिळाल्या होत्या. पुढे तपासणीच्या धाकाने ते सामान सगळ्या शाळांचं झालं. ज्या शाळेची तपासणी असेल तिथे आदल्या संध्याकाळी टेंपोतून यायचं, दुसऱ्या दिवशी टेबलांवर मिरवायचं, आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की पुढच्या शाळेला निघायचं. प्रत्येक शाळेच्या अहवालात "प्रयोगशाळा सुसज्ज" असं लिहून यायचं. आपल्या मुलांना सत्य आणि सचोटी शिकवणारी ही शहाणीसुरती माणसं फोनवर एकमेकांना विचारायची, "काका निघाले का?"

मोठ्या बाई सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत वरच्या इयत्तांना विज्ञान शाखा होती, आणि प्रयोगशाळा नसेल तर शाखा बंद, असा नियम होता. शाखा बंद झाली तर मुलांना लांबच्या शहरात जावं लागलं असतं. मुलगे कसेबसे गेले असते. मुलींना किती घरांनी पाठवलं असतं, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं.

"वहिनी, दूध उतू गेलं," नणंद म्हणाली.

नणंद चार दिवस राहायला आली होती. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना ते काम शिकवायची. बाईंनी गॅस बंद केला आणि पुन्हा फोन लावला.

"अहो बाई, समितीची मंडळी अजून इथेच आहेत," पलीकडून तात्या बोलले. तात्या मागच्या शाळेचे मुख्याध्यापक. "चहा झाला, फोटो झाले, आता साहेबांचं भाषण चाललंय. त्यांच्यादेखत काकांना कसं उठवू?"

सगळा प्रकार ऐकून नणंद पोट धरून हसली. मग भाजी चिरता चिरता तिचं हसू मावळलं.

"तुमच्या जिल्ह्यातली मुलं येतात ना आमच्याकडे. हुशार असतात, सगळं तोंडपाठ. पण मायक्रोस्कोपला हात लाव म्हटलं की मागे सरतात. गेल्या वर्षी एका मुलीला रडूच फुटलं. मोडलं तर बाई रागावतील म्हणे. कोणत्या बाई, ते काही मी विचारलं नाही."

"मोडलं तर पुढच्या शाळेत काय दाखवायचं?" बाई बोलून गेल्या.

"म्हणजे मुलं ते वापरतच नाहीत?"

"वापरणार कधी? आमच्याकडे असतं एक दिवस. त्या दिवशी तपासणी असते."

नणंदेने विळी बाजूला सारली. "वहिनी, वर सगळ्यांना वाटतंय की तुमच्या प्रत्येक शाळेत प्रयोगशाळा आहे. मग नवीन कोण कशाला देईल? तुम्ही उपाशी बसायचं आणि पोट भरलंय म्हणून सांगायचं. वाढणाऱ्याला कसं कळणार?"

"तुला बोलायला काय जातंय? शाखा बंद पडली तर मुली घरी बसतील. आणि मी तोंड उघडलं की सगळ्यांचं पितळ उघडं पडेल. तात्या आहेत, उद्यानंतर ज्यांच्याकडे तपासणी आहे ते नवे सर आहेत. त्यांच्या नोकरीवर आलं तर?"

"ते खरंच आहे," नणंद म्हणाली, आणि तिने विळी पुन्हा पुढे ओढली. तिने वाद घातला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

अंधार पडता पडता टेंपो आला.

सकाळी खोली अशी सजली की बाईंना स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. मुलींना रांगेत उभं करून त्यांनी दरवर्षीची सूचना दिली, "हात मागे. कशालाही हात लावायचा नाही."

रांगेत बडबडी होती. वर्गाने तिला हे नाव उगीच ठेवलं नव्हतं. "बाई, हात नाही लावत. नुसतं बघू का यातून?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. नंतर म्हणजे टेंपो, हे तिला कसं सांगणार?

समिती आली. तिचे प्रमुख, साहेब, काकांपाशी जरा रेंगाळले. मग ते पुढे सरकले आणि नेमके बडबडीसमोर थांबले.

"मायक्रोस्कोपचे भाग सांगशील?"

तिने धडाधड सांगितले. कुठे अडखळली नाही.

"छान. आता हा कांद्याचा पापुद्रा आहे, तो भिंगाखाली लावून मला दाखव."

बडबडी जागची हलली नाही. बाई रांगेच्या मागे उभ्या होत्या, त्यामुळे समितीला जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसलं. मुलीने पाठीमागे बोटांत बोटं अडकवून ती इतकी घट्ट आवळली होती की पेरं पांढरी पडली होती. तिने मान वळवून हळूच विचारलं, "बाई, मोडलं तर?"

कोणत्या बाई, ते नणंदेने विचारलं नव्हतं. आता विचारायची गरजच उरली नाही! त्या बाई म्हणजे आपणच. वर्षामागून वर्ष आपणच या पोरींचे हात मागे बांधत आलो, आणि वर त्यांच्यासाठीच हे सगळं करतोय म्हणून मनाचं समाधान करून घेतलं. बाईंना भयंकर लाज वाटली.

"साहेब, तिला येणार नाही," त्या म्हणाल्या. "तिने याला आजवर हात लावलेला नाही. कोणीच लावलेला नाही. हे सामान आमचं नाही. काल आलं, आज जाणार. कुठून आलं आणि कुठे जाणार, ते मला विचारू नका. माझ्या शाळेत प्रयोगशाळा नाही, एवढं लिहा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि काकांकडे बोट दाखवलं.

"यांच्या डाव्या हाताला गेल्या आठवड्यात चार बोटं होती. आज तीनच दिसतायत. प्रवास सोसत नाही त्यांना."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझे अहवाल चांगले असले की माझ्या वरचेही खूश असतात, बाई." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "खरं लिहिलं तर तुमची शाखा अडचणीत येईल. एका शाळेत प्रयोगशाळा नाही म्हटलं की दोष त्या शाळेचा ठरतो. सगळीकडेच नाही म्हटलं, तर वर बसलेल्यांना विचार करावा लागतो. पण बाकीचे बोलतील असं मला काही वाटत नाही."

"तरी लिहा."

मग बाई बडबडीजवळ गेल्या. "लाव हात. मोडलं तर मी बघेन."

मुलीने हात पुढे आणले. काच सरकवायला तिला बराच वेळ लागला, पण साहेबांनीही घाई केली नाही. तिने डोळा लावला, आणि तिची बडबड सुरू झाली. "बाई, आत खोल्या आहेत! एकाला एक लागून. बाई, तुम्ही बघितलंय कधी हे?"

बाईंनी शेवटचं कधी बघितलं होतं, ते त्यांना आठवेना.

दुपारी त्यांनी तात्यांना फोन केला. तात्यांनी काही बाकी ठेवलं नाही. "तुम्ही निवृत्तीला टेकलात, तुम्हाला काय? आमच्या अन्नात माती कालवलीत." मग बाईंनी नव्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते बिचारे दोन दिवस सारखे विचारत होते, काका वेळेवर येतील ना. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बघतो."

टेंपो फाटकाशी आला. पेट्या चढल्या. काकांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. बाई पायरीवर उभ्या राहिल्या. शाखा गेली तर मुलींचं काय होणार, आणि उद्या पुढच्या शाळेत पुन्हा "सुसज्ज" लिहिलं की आपलं खरंही खोटं ठरणार, हे एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

तेवढ्यात फोन वाजला. नवे सर होते.

"बाई, काकांना पाठवू नका."

"अहो, पण उद्या तुमच्याकडे समिती..."

"उद्या मी रिकामी खोली दाखवणार आहे. मलाही भीती वाटतेय. पण आमच्याही मुली हात मागेच बांधून उभ्या राहतात, ते तुम्ही सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं. तात्यांशी बोललो. त्यांनी मलाही झापलं."

"मग?"

"झापलं, पण फोन ठेवला नाही. रिकाम्या खोलीत मी साहेबांना नेमकं काय सांगणार, ते विचारत होते."

बाई पायरी उतरून टेंपोपाशी गेल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "पट्टा सोड. काकांचा मुक्काम आता इथेच आहे."

शाखेचं काय होणार, ते अजून ठरायचं आहे. बाईंच्या जिवाला घोर आहेच. पण मित्रहो, शाळा तुमच्या असोत की आमच्या, त्या सुधारायच्या तर त्यांच्यात काय नाही ते आधी मोकळेपणाने सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नसतं. आपण झाकून ठेवलेली उणीव कोणी येऊन भरून देत नाही. तिचा भार मात्र पोरांवर पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली त्या खोलीत आल्या आणि सवयीने रांगेत उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. बाईंनी पेटीची दोरी सोडली आणि म्हणाल्या, "हात पुढे."