कोबीच्या शेतातली तोफ

"वेंडेलिन, चाबूक चालव!" कप्तान ओरडला.

वेंडेलिन घोडीवरून उतरला, पण चाबूक त्यानं खोगिरालाच अडकवून ठेवला. जर्मनीतल्या उल्मच्या छावणीतून सरावाला निघालेली ती जड तोफ रस्ता चुकून कोबीच्या शेतात शिरली होती आणि चाकांच्या आसापर्यंत चिखलात रुतली होती. सहाही घोड्यांच्या तोंडाला फेस आला होता. त्याची पुढची घोडी, रोझल, गुडघ्यांवर आली होती. तोफखान्यात घोडे हाकण्यात वेंडेलिनचं तरुणपण सरलं होतं. ना बढती, ना बायको. जीव लावला होता तो या घोडीला.

"मरेल ती, साहेब. मी नाही मारणार."

"हुकूम आहे!"

"मग मला कोठडीत टाका."

तेवढ्यात शेताची मालकीण, विधवा क्रेसेन्झ, घागरा खोचून धावत आली. "डोळे फुटले का तुमचे? हिवाळ्यात आम्ही काय हे लोखंड खायचं?"

"बाई, ही राजाची तोफ आहे," कप्तान म्हणाला.

"मग राजालाच बोलवा ढकलायला!"

शिपाई खो खो हसले. कप्तानाच्या मिशाही थरथरल्या. क्रेसेन्झनं रोझलकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं आपले बैल आणले.

"राजाची तोफ बैलांनी ओढायची?" कप्तान पुटपुटला. मग दूरवर नजर टाकून म्हणाला, "सेनापती दिसत नाहीत ना? जुंपा!" स्वतःही त्यानं चाकाला खांदा लावला. फचाक् आवाज करत तोफ वर आली, आणि कप्तान चिखलात बसला.

हुकूम मोडल्याची शिक्षा मात्र चुकली नाही. गावात कोठडी नव्हती, म्हणून वेंडेलिनला क्रेसेन्झच्या कोठारात कोंडलं. कोठाराला कडी होती, पण आतून. संध्याकाळी ती उकडलेले पिठाचे गोळे आणि मांसाचा रस्सा घेऊन आली.

"नोकरी कधी सुटते तुमची?"

"या महिन्याअखेर."

"शेताला माणूस हवाय. बैल हाकता येतील?"

"शिकवाल तर."

"शिकवतील ते बैलच. मी फक्त ओरडते."

महिनाअखेरीला ती गाडी घेऊन छावणीच्या फाटकाशी आली. वेंडेलिन तबेल्यात होता. रोझलचा लगाम त्यानं नव्या स्वाराच्या हाती दिला. "हिच्या कानाशी हळू बोलत जा," एवढंच म्हणाला आणि बोचकं उचलून निघाला. मागून खिंकाळी आली. तो वळला नाही. गाडीत बसला, टोपी मांडीवर ठेवली.

क्रेसेन्झनं कासरा हाती घेतला होता, पण बैलांना हाक दिली नाही.

"कधी निघायचं ते सावकाश सांगा," ती म्हणाली. "घरी जायची घाई नाही."