खोलीमागे एक

लग्नात पैसा दिसेल तिथे ओतायचा आणि दिसणार नाही तिथे हात आखडायचा, असा सीमाचा साधा नियम होता. फुलांची कमान दिसते. नवरानवरीच्या पायाशी सोडलेला पांढरा धूर दिसतो. ड्रोनही दिसतो, तो बंद हॉलात उडवता येत नाही हे पैसे भरल्यावर कळलं, तेव्हा त्याने बाहेरच्या गल्लीतल्या स्कूटरी वरून टिपाव्यात असं ठरलं. पोट मात्र कुणाला दिसत नाही. म्हणून कात्री लागली ती जेवणाला.

निलेश तिचा एकुलता एक. लालबागच्या चाळीतला मुलगा, आणि मुलगी आरोही दादरच्या हिंदू कॉलनीतली. तिची आई मीनाक्षी बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेली. सीमाला या विहीणबाईंची मनातून धास्ती होती. त्यांच्याकडून येणार शंभर माणसं, हळू आवाजात बोलणारी. आणि आपल्याकडून? चाळीस खोल्या, दर खोलीत पाच-सहा जण, दुसऱ्यांदा श्रीखंड मागताना वाढप्याला 'ओ काका' म्हणून हाक मारणारे. ही फौज मीनाक्षीबाईंसमोर जेवायला बसली की आपली इज्जत गेली, असं तिने धरून टाकलं होतं.

"खोलीमागे एकच माणूस," तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

गणपतने चहाचा कप खाली ठेवला. "अगं, चाळीत असं करत नाहीत. लग्नाचं आमंत्रण चूलबंदच असतं. त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं."

"चूल कुठे राहिलीय आता? सगळ्यांकडे गॅस आहे," सीमा म्हणाली. गणपतने कप पुन्हा उचलला. तीस वर्षं तो हेच करत आला होता.

पत्रिका वाटायला ती स्वतः फिरली. पाकिटावर घरातल्या एकाचंच नाव, सहकुटुंब वगैरे काही नाही. वर तोंडानेही सांगायची, "हॉल लहान आहे हो, एकच या." साफ खोटं. त्या हॉलात क्रिकेट खेळता आलं असतं.

शेजारच्या खोलीत जाईबाई राहायची, मुलगा रघु, सून आणि दोन नातवंडांसह. सीमा फोर्टच्या ऑफिसात नोकरीला जायची तेव्हा निलेश सात वर्षांचा होईपर्यंत या जाईबाईच्या हातचा वरणभात खाऊन वाढला. तिने कधी त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि सीमानेही ते कधी फार लावून धरलं नाही. त्या खोलीच्या पाकिटावर नाव होतं रघुचं.

जाईबाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "बरां गो बाय. तुका जमात तसा कर."

म्हातारी समजूतदार निघाली, असं वाटून सीमाला हायसं झालं.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं संपता संपता सगळी चाळ आली. खोलीमागे एक नव्हे, झाडून सगळे: नव्या साड्या, गजरे, पावडर थापलेली पोरं. सीमा मनातल्या मनात ताटं मोजू लागली. ते रांगेने स्टेजवर चढले. नवरानवरीवर अक्षता टाकल्या, आहेराची पाकिटं हातात दिली. जाईबाईने निलेशच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग सगळे खाली उतरले आणि जेवणाच्या दालनावरून सरळ फाटकाकडे चालू लागले. पोरांनीसुद्धा आत वळून पाहिलं नाही.

लग्नघरातून माणूस न जेवता जातो त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. त्यापेक्षा चारचौघांत भांडलेलं परवडतं. सीमा पैठणी सावरत धावली. "रघुभावजी, अहो, जेवून जा ना सगळे."

"नको वहिनी," रघु हसतच म्हणाला. "एक सोडून बाकीच्यांसाठी चूल पेटवायलाच लागणार होती ना घरोघरी. म्हटलं, सगळ्यांची मिळून एकच मोठी पेटवू."

मागे मीनाक्षीबाई येऊन उभ्या होत्या. "सीमाताई, एवढी माणसं न जेवता का गेली? आमचं काही चुकलं का?"

"उपास असतो त्यांचा आज."

"दोनशे जणांचा?"

हॉलात उरलेली माणसं हळू बोलणारी, त्यामुळे हे सगळं स्टेजवर ऐकू गेलं. निलेश खाली उतरला, आईकडे न बघता म्हणाला, "मी जेवायला चाललोय," आणि निघाला. मागोमाग आरोही. मुलगी निघाली म्हणून मीनाक्षीबाई, आणि त्या निघाल्या म्हणून आख्खं दादर. गणपत तर केव्हाच गेला होता. हॉलात उरली सीमा आणि पांढरे हातमोजे घातलेले वाढपी. त्यांनी तिला अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, पनीर गरम ठेवायचं का?"

ती चाळीत पोचली तेव्हा अंगणात पंगत बसली होती. पत्रावळींवर वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. रघुच्या पोरांमध्ये मांडी घालून बसलेल्या मीनाक्षीबाई वाढणाऱ्याला हाक मारत होत्या, "ओ काका, इकडे वडा."

सीमाच्या पोटात पहाटेपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्या वासाने तिला भोवळच यायची राहिली होती. एका कडेला पत्रावळ रिकामी दिसली. ती बसायला वाकली, तोच जाईबाईने सांबाऱ्याची बादली तिच्या हातात दिली.

"बघतस काय? पदर खोच नि वाढूक घे. घरची माणसां मागसून जेवतत."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. पण म्हातारीने ते अगदी घरच्यासारखं सांगितलं. सीमाने पैठणीचा पदर खोचला आणि पहिल्या पत्रावळीपुढे वाकली. "घ्या ना," ती म्हणाली. त्यांनी घेतलं. पुढच्यांनीही घेतलं. चाळीस खोल्यांची माणसं आणि वर दादर. सीमा वाढत राहिली, आणि एकानेही पुरे म्हटलं नाही.