चौथं पाणी

"पुन्हा धुवायचं? कापड आहे की पाप?"

घाई माझ्या कानाशीच पुटपुटली. बेसिन एवढंसं, त्यापुढे दोघी उभ्या. पुटपुटायला दुसरी जागाच नव्हती. घाई म्हणजे सरांची विद्यार्थिनी; सतत घाईत, म्हणून नावच पडलेलं. पाच वर्षं तिचं एकच काम: सुती कापडावर गॅमा किरण सोडायचे आणि ते मोनोमरच्या, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्यांच्या, द्रावात बुडवायचं. किरणांनी धाग्याला जागोजागी जखमा होतात, त्या जखमांवर नव्या साखळ्या रुजतात. गुलाबाचं कलम करतात तसंच. किती रुजल्या ते वाढलेल्या वजनावरून कळतं. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते.

धुणारी मी. न रुजलेल्या साखळ्या आगंतुकासारख्या नुसत्या चिकटून बसतात, त्यांना गरम पाण्याने घालवायचं. वजन उतरायचं थांबेपर्यंत धुवा, असं पुस्तकात आहे म्हणे. आमच्याकडे मात्र रीत तीन धुण्यांची. सरांनी स्वतःच्या प्रबंधात तीनच धुणी दाखवली होती. त्यातला तुकडा त्यांच्या टेबलामागे काचेच्या चौकटीत, सुवर्णपदकाशेजारी, वीस वर्षं कोरडा ठणठणीत.

तिसऱ्या पाण्यानंतरही कापड माझ्या बोटांना बुळबुळीत लागत होतं. परीक्षकांनी धुण्यापेक्षा मी धुतलेलं बरं, म्हणून घाई जेवायला गेल्यावर मी चौथं पाणी दाखवलं. मग पाचवं. हात शिवशिवत होते, सहावंही झालं.

कापड वाळवून तराजूवर ठेवलं. वजन किरणांआधी होतं तेवढंच.

"तराजूला आज बरं नाही," तराजू सांभाळणारे काका म्हणाले.

"हवेत ओल असेल," सर म्हणाले.

"ओल असती तर वजन वाढलं असतं," मी बेसिनला सांगितलं.

घाईने श्वास रोखून तीनदा वजन केलं. आकडा हलला नाही, तिची हनुवटी तेवढी हलली. मग सगळे जिकडेतिकडे बघू लागले. चौकटीकडे मात्र कोणी बघेना.

मी हात पुसले. "सर, काच काढून देता? पाणी गरमच आहे. तो तुकडाही धुऊन देते."

काका खोकले. सर उठले, चौकट खिळ्यावरून काढली, पदराने पुसावी तशी बाहीने पुसली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"घाई, मुदतवाढीचा अर्ज आण, सही करतो. आणि ताई, हे धुवायची गरज नाही. मी तेव्हाच चौथं पाणी घालून बघितलं होतं. कलम धरलंच नव्हतं."